नऊशे अठ्ठेचाळिसावा भागाकार

“आजोबा, तुमचा दगड फुटला.”

मास्तर खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून पायाची नखं काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नात दहा वर्षांची, हातात आईचा मोबाइल आणि त्यात सुट्टीचा दिवस. अशा दिवशी घरात काही ना काही फुटतच असतं.

“कुठला दगड?”

“तो हो, कपाटावरचा! त्रेसष्ट लाखवाला. मी मोबाइलला विचारलं तर तो म्हणतो, हा दगडबिगड काही नाही. दोन हजार तीनशे एकाहत्तरनं भाग जातो.”

“हातचा चुकला असेल,” मास्तर म्हणाले.

“कोणाचा? मोबाइलचा?”

आत स्वयंपाकघरात मास्तरांची बायको खो खो हसली. नातही हसली. मास्तरांचं मात्र नखं काढणं थांबलं. ते वाक्य त्यांच्या तोंडून इतकं आपसूक आलं होतं, की त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. हेच वाक्य, असंच मान वर न करता, त्यांनी पूर्वी एकदा एका माणसाला ऐकवलं होतं. कोणाला, ते आठवायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

आता हा दगड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर मास्तरांनी नखं काढणं का थांबवलं ते कळायचं नाही.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. पाण्याचे मीटर दुरुस्त करून तपासायचा जो सरकारी कारखाना असतो, तिथे ते तपासणीच्या बेंचवर हिशेबनीस होते. घराघरांतून काढून आणलेले जुने मीटर आधी अ‍ॅसिडच्या टाकीत घासून निघायचे, मग फिटर ते उघडून जोडायचा, मग त्यांतून मोजून पाणी सोडायचं आणि मीटर किती खोटं बोलतो ते मास्तरांनी टक्क्यांत काढायचं. प्रत्येक मीटरच्या पितळी झाकणावर सात आकडी नंबर असे. दिवसभर तेच ते काम. माणूस कंटाळून वेडा व्हायचा. म्हणून मास्तरांनीच बेंचवर एक खेळ सुरू केला होता. सकाळी जो पहिला मीटर येईल त्याचा नंबर खडूने फळ्यावर लिहायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो फोडायचा. फोडायचा म्हणजे त्याला कशाकशाने भाग जातो ते शोधायचं. तीनने गेला, सातने गेला, एकोणिसाने गेला, की फुटला. ज्याला एक आणि तो स्वतः यांच्याखेरीज कशानेच भाग जात नाही, म्हणजे पुस्तकात ज्याला मूळ संख्या म्हणतात, त्याला बेंचवर म्हणायचे ‘दगड’.

फिटरला दोन अंकी भागाकारापुढे गती नव्हती, आणि बाकीच्यांना तर तेवढीही नव्हती. मास्तर मात्र पाच आकडी नंबर तोंडी फोडायचे. मोठमोठे इंजिनियर मुद्दाम बघायला यायचे. मास्तर हे नाव त्यातूनच पडलं, आणि खोटं कशाला सांगा, मास्तरांना ते फार आवडायचं.

एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी फळ्यावर नंबर लागला तो ६३६१३९३. त्रेसष्ट लाख एकसष्ट हजार तीनशे त्र्याण्णव. सुट्टीपर्यंत फुटला नाही. दुसऱ्या दिवशी फुटला नाही. मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी घरी एक जाडजूड वही घेतली, दोन आणि अडीच हजारांच्या थोड्या पुढपर्यंतच्या विषम संख्या पानांवर चौकटी आखून घराघरांत लिहून काढल्या, त्यातल्या भाग जाणाऱ्या एकेक करून खोडल्या आणि मूळ संख्यांची यादी तयार केली. अडीच हजारांच्या थोडं पुढे गेलं की काम संपतं, कारण त्याहून मोठ्या संख्येने भाग जात असेल तर जोडीची लहान संख्या आधीच सापडलेली असणार. यादीत तीनशे एकोणसत्तर संख्या भरल्या. वाचनालयातल्या एका जुन्या गणिताच्या पुस्तकातही तेवढ्याच दिल्या होत्या. मास्तर खूश झाले. मग सव्वीस दिवस, रोज जेवणाच्या सुट्टीत, डब्याला हात लावायच्या आधी चौदा-पंधरा भागाकार. प्रत्येकाला बाकी उरली. सव्विसाव्या दिवशी मास्तरांनी खडूने फळ्यावर लिहिलं, ‘दगड’. फिटरने हातातला पाना टाकीवर तीनदा वाजवला.

पुढे ही गोष्ट कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी फर्मान काढलं, की तो मीटर भंगारात घालू नका, त्याचं झाकण बेंचच्या खोलीच्या दारावर लावा. सहा-सात महिन्यांनी ते स्वतः आले आणि स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून झाकण लावून गेले. मास्तर निवृत्त झाले तेव्हा लोकांनी तेच झाकण लाकडी पाटीवर बसवून त्यांना निरोपाची भेट दिली. घड्याळ नको, शाल नको, हाच आमचा मास्तर, असं फिटर भाषणात म्हणाला आणि मास्तरांच्या डोळ्यांना पाणी आलं. घरी पाटी कपाटावर गेली. दर रविवारी बायको ती चिंचेच्या पाण्याने पुसायची. पाहुणे आले की नात सांगायची, “हा आमच्या आजोबांचा दगड. जगात कोणाच्यानंच फुटत नाही.”

आणि उद्या तिला वर्गात बोलायचं होतं, ‘माझ्या घरातली एक संख्या’ या विषयावर. तयारी म्हणून तिने मोबाइलला विचारलं, आणि हे निघालं.

मास्तर उठले. चष्मा घातला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलने मांडलं. दोन हजार सहाशे त्र्याऐंशी गुणिले दोन हजार तीनशे एकाहत्तर. चार ओळी, एक बेरीज. दोन मिनिटंही लागली नाहीत. खाली आलं, ६३६१३९३.

“आलं ना?” नात म्हणाली.

“आलं.”

“मग आता मी वर्गात काय सांगू?”

“थांब जरा,” मास्तर म्हणाले आणि माळ्यावरून जुनी वही काढायला स्टूल शोधू लागले.

वही सापडली. कडा कुरतडलेली, पण अक्षर शाबूत. मास्तर बोट फिरवत तेवीसशेच्या पानावर आले आणि चूक तिथे उघडीवाघडी पडलेली दिसली. तेवीस गुणिले एकशे तीन म्हणजे तेवीसशे एकोणसत्तर. ती खोडायची होती. रेघ पडली होती शेजारच्या घरात, तेवीसशे एकाहत्तरवर. जी खोडायची ती राहिली, जी राहायची ती खोडली. एक बाहेर गेली, एक आत आली, म्हणून तर मोजदाद बरोबर तीनशे एकोणसत्तर भरली आणि पुस्तकाशी जुळली. पुढच्या पानांवर तेवीसशे एकोणसत्तरने केलेला भागाकारही होता, बाकी सहाशे अठ्ठावीस. तो भागाकार मास्तरांनी फुकटच केला होता. ज्याने खरोखर भाग जातो त्याने भागून बघायचंच राहिलं.

“एवढंच?” बायको मागून डोकावून म्हणाली. “रेघ एक घर चुकली? मी काय काय वाटून घाबरले. तोंड असं केलंय जसं काही आभाळ कोसळलंय. सांगा तिला, म्हणावं आजोबांची चूक झाली, वर्गात तेच बोल. पोरांना मोठ्या माणसांच्या चुका फार आवडतात.”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

मास्तरांनी वही मिटली. रेघ एक घर चुकली असती आणि तेवढंच असतं, तर तेही हसले असते. पण कारखान्यात एक माणूस असा होता ज्याने तीस वर्षांपूर्वी हा दगड फोडून त्यांच्यासमोर ठेवला होता.

ती होती मीटर घासणारी बाई. सातवी पास. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेली, एक मुलगा पदरात. अ‍ॅसिडच्या टाकीवर रबरी मोजे घालून मीटर घासायचे आणि झाकणावरचा नंबर मोठ्याने वाचून मास्तरांना सांगायचा, एवढंच तिचं काम. मोजे फाटायचे, नवे सहा महिने यायचे नाहीत, आणि बाईंची नखं पिवळी पडून वाकडी झाली होती. तोंडाने शांत. पण नंबर वाचताना कधीतरी हळूच म्हणायच्या, “याला अकरा जातात वाटतं, मास्तर.” आणि जायचे. मास्तर हसून म्हणायचे, “लागला बरं का बाईंचा मटका.” सगळे हसायचे.

ज्या दिवशी मोठे साहेब झाकण लावायला येणार होते, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी बाई मास्तरांच्या टेबलापाशी आल्या. हात पदराला पुसले आणि चार घड्या घातलेला एक कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“मास्तर, तेवढं बघता का? त्या त्रेसष्ट लाखाचं. मला वाटतं, फुटतोय तो.”

दुपारी तीनला साहेब येणार. दाराला तोरण लागलेलं. फिटर स्क्रू घासून चकचकीत करत बसलेला. कागद उघडून बघायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण मास्तरांना भीती वाटली. चुकलेलं असेल अशी नव्हे, बरोबर असेल अशी. त्यांनी कागदाला हात लावला नाही. अर्ध्या तासाने घाईघाईत उठताना कोपर लागून चहा कलंडला, तेव्हा हाताशी आला तो कागद आणि त्यांनी त्याने टेबल पुसून तो बोळा टोपलीत टाकला.

आणि सुट्टीत सगळे गोल करून जेवायला बसले असताना, बाई नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या म्हणून, मास्तर डब्यातून मान वर न करता म्हणाले, “बाई, बघितला हं तुमचा कागद. हातचा चुकलाय.”

फिटर म्हणाला, “बाई, मीटर घासताना नाही चुकत कधी हातचा!” काय हशा पिकला. बाईही हसल्या. तीन वाजता टाळ्या वाजल्या त्यात त्यांच्याही होत्या.

त्यानंतर आठवड्याने बाई एक अर्ज घेऊन आल्या. घासकामाच्या लोकांना हिशेब मदतनीस होण्याची एक खात्यांतर्गत परीक्षा असे, दहा वर्षांतून एकदा. बाईंनी नाव दिलं होतं. आता म्हणाल्या, नाव काढून घ्यायचंय. मास्तरांनी का म्हणून विचारलंही नाही. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘गणित कच्चे असल्याने’. खाली सही ठोकली. बाई पुढची पंचवीस वर्षं टाकीवर मीटर घासत राहिल्या.

हे सगळं मास्तर विसरले होते असं नव्हे. माणूस जे विसरलो म्हणतो ते बहुतेक वेळा नीट घडी करून आत ठेवलेलं असतं. इतकी वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की बाईंचं चुकलेलंच असणार, आपण नुसतं न बघता बरोबर उत्तर दिलं. आज ती समजूतही गेली.

“मी जरा जाऊन येतो,” मास्तर बायकोला म्हणाले.

“कुठे? जेवायची वेळ झालीय.”

“एकीची माफी मागायचीय.”

“या वयात?” बायको म्हणाली, पण चेहरा बघून तिने पुढची थट्टा गिळली आणि छत्री आणून दिली. ऊन फार होतं.

बाईंचा पत्ता त्यांनी फिटरला फोन करून घेतला. फिटर म्हणाला, “काय मास्तर, एकदम बाईंची आठवण?” मास्तरांनी काहीतरी थाप मारली. थाप मारल्यावर त्यांना वाटलं, निघालोय खरं बोलायला आणि सुरुवात अशी.

बसमध्ये ते वाक्य जुळवत बसले. काय सांगायचं? ‘बाई, यादीत माझी एक संख्या चुकली होती.’ हे खरं होतं. ‘म्हणून तुमचं उत्तर मला पटलं नाही.’ हे खरं नव्हतं, पण खऱ्यासारखं दिसत होतं. बाईंचा मान परत मिळेल आणि आपलंही फार जाणार नाही. कागद उघडला नाही, हे सांगून कोणाचं काय भलं होणार? बाईंना उलट जास्तच लागेल. उतरायचा थांबा येईपर्यंत मास्तरांनी स्वतःला जवळजवळ पटवलं, की खोटं बोलणं हे बाईंच्याच भल्याचं आहे. लाज वाटत होती, पण लाजेलाही त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं.

घर तळमजल्यावर होतं, एक खोली आणि पुढे चार पायऱ्या. पायरीवर बाई शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. शेजारी शिवणकामाच्या दुकानातून आलेल्या शर्टांचा गठ्ठा. केस पांढरे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बोटं तीच. नखांच्या जागी नुसती जाड कातडी, तरी सुई सपासप चालत होती.

“अगं बाई! मास्तर?” त्या उठायला गेल्या. “तुम्ही इकडे कसे? बसा, बसा. सूनबाई, अगं कोण आलंय बघ, चहा टाक!”

मास्तर खालच्या पायरीवर बसले. छत्री कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. घरचं कसं काय, मुलगा कुठे असतो, गुडघे कसे आहेत, असं सगळं झालं. मुलगा गाडीवर चालक होता. मग मास्तरांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला.

“बाई, तो नंबर. त्रेसष्ट लाखवाला. आठवतो?”

बाईंची सुई थांबली. “न आठवायला काय झालं?”

“तो फुटतो. तुम्ही म्हणत होता तसा. माझ्या यादीत एक संख्या चुकून खोडली गेली होती. तेवीसशे एकाहत्तर. आज नातीमुळे कळलं. तुमचं बरोबर होतं.”

बाईंनी तो तुकडा हातात घेतला. चष्मा वर-खाली करून वाचला. ओठ हलत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मास्तरांनी इतकी वर्षं रोज भेटून कधी बघितलं नव्हतं.

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“अगदी बरोबर होतं.”

“मला वाटलंच होतं हो!” बाई म्हणाल्या. “म्हणजे वाटलं होतं, आणि मग नव्हतं वाटत. मास्तर, तुमच्याकडे यादी होती, माझ्याकडे कुठली यादी? मला ते खोडाखोडीचं काही ठाऊकच नव्हतं. मी आपली सगळ्यांनीच भागायची. सम नको, पाच शेवटी असलेली नको, बाकी एकही सोडायची नाही. तीन, सात, नऊ, अकरा, तेरा. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी अर्धा तास मिळायचा. पोरगा झोपलेला. रोज चार-पाच व्हायचे. सात महिने लागले. नऊशे अठ्ठेचाळिसाव्याला बाकी शून्य आली.” त्या बोलता बोलता थांबल्या. “मी भिंतीला धरून उभी राहिले, मास्तर. कोणाला सांगू? घरात कोण होतं?”

मास्तरांनी सव्वीस दिवस लावले होते आणि जन्मभर मिरवले होते.

“मग तुम्ही म्हणालात, हातचा चुकलाय,” बाई म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, नुसतं सांगत होत्या. “मी घरी जाऊन परत गुणाकार केला. तेच आलं. परत केला. तेच आलं. रात्रभर करत होते म्हणा ना. मग वाटलं, मास्तर काय उगीच म्हणतील? चूक आहे, पण आपल्याला ती दिसत नाही. ज्या बाईला स्वतःचा हातचा कुठे चुकतो तेसुद्धा कळत नाही, तिनं परीक्षेला कशाला बसायचं? तिथे तर घड्याळ लावून करायचं. म्हणून नाव काढून घेतलं. पोरगा पुढे शाळेत गणित विचारायचा, मी म्हणायचे, मला नाही बाबा येत, शेजारच्या काकांना विचार.”

मास्तर इतका वेळ समजत होते, की बाईंना ठाऊक असणार. आपण खोटं बोललो हे त्यांनी तेव्हाच ओळखलं असणार आणि मोठ्या मनाने गप्प बसल्या असणार. पण त्यांनी तर मास्तरांवर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या तीन-तीन गुणाकारांपेक्षा मास्तरांच्या एका वाक्यावर जास्त.

बाईच त्यांची समजूत घालू लागल्या. “जाऊ द्या हो. आज आलात, सांगितलंत. कोण सांगतं एवढं? त्या दिवशी गडबडही किती होती. माझं अक्षर तर काय, कोंबडीचे पाय. घाईत वाचताना एखादा आकडा तुम्हाला दुसराच दिसला असेल.”

सुटकेचं दार उघडं होतं. बाईंनी स्वतःच्या हाताने ते उघडून धरलं होतं आणि मास्तरांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. बसमध्ये जुळवलेलं वाक्य यापेक्षा चांगलं नव्हतं. मास्तरांनी ‘हो’ म्हणायला तोंडही उघडलं.

“मी कागद उघडलाच नव्हता,” ते म्हणाले.

बाईंना आधी कळलं नाही. “काय?”

“तुमचा कागद. मी उघडून बघितलाच नाही. न बघताच म्हटलं, हातचा चुकलाय. साहेब यायचे होते. मला भीती वाटली की बरोबर असेल. चहा सांडला, त्याने टेबल पुसलं आणि टाकून दिला. आणि तुमच्या अर्जावर गणित कच्चं म्हणून मीच लिहिलं. मला लाज वाटते, बाई. काय करू ते कळत नाही.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसू कधी गेलं ते मास्तरांना दिसलंच नाही. समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. बाईंनी वर्तमानपत्राचा तुकडा पायरीवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवली, आणि शर्टाचं बटण हातात घेतलं. सुईत दोरा होता तरी त्या पुन्हा पुन्हा तिचं नेढं शोधत होत्या.

“टेबल पुसलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सात महिन्यांचं होतं ते.”

मास्तरांनी मान खाली घातली. आपल्याला काहीतरी बोलतील, दोन शिव्या देतील, तर बरं होईल असं त्यांना वाटत होतं. बाईंनी एक बटण पुरं लावलं. दोरा दाताने तोडला.

“त्या परीक्षेला पास व्हायला किती गुण लागायचे, मास्तर?”

“शंभरात पस्तीस.”

“पस्तीस,” बाई म्हणाल्या. त्यांनी गठ्ठ्यातला पुढचा शर्ट मांडीवर ओढला आणि त्याची कॉलर हाताने सपाट करत राहिल्या. “एवढेच?”

“एवढेच.”

आतून सून दारात आली. “आई, चहा झालाय. पाहुण्यांना साखर चालते का?”

“त्यांना नको,” बाई शर्टावरून मान वर न करता म्हणाल्या. “ते निघालेत.”

मास्तर अजून उठले नव्हते. मग छत्री शोधून ते उठले.